पेठेतल्या आपल्या गल्लीचा इतिहास कसा शोधावा

पुण्याच्या पेठांत कुठल्याही जुन्या दारापाशी उभं राहून "हा वाडा कधीचा?" असं विचारलं की उत्तर येतं, "पेशवेकालीन." बाळाजी विश्वनाथांपासून धरली तर पेशवाई १७१३ ते १८१८, म्हणजे १०५ वर्षांची. एवढ्या काळात कसब्याभोवतीची वस्ती वाढून राजधानी झाली, ओढा वळवला गेला, कात्रजचं पाणी गावात आलं, एकामागून एक पेठा वसल्या. वाडा यातल्या कुठल्या टप्प्यावरचा हे 'पेशवेकालीन' या शब्दातून कळत नाही. त्यातही पेशवेकालीन म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कित्येक वाड्यांचा आजचा माळा, छप्पर आणि दर्शनी भाग इंग्रजी अमदानीतला असतो.

हा लेख ज्यांना आपल्या एका गल्लीचा इतिहास नीट शोधून लिहायचा आहे त्यांच्यासाठी आहे. इतिहासाची पदवी लागत नाही. एक जाड वही, मोजपट्टी, बॅटरी, फोनचा कॅमेरा आणि तीन-चार महिन्यांचे रविवार पुरतात. उदाहरणं पुण्याच्या पेठांतली आहेत, कारण मी तिथेच हिंडलो आहे. सातारा, नाशिक, वाई किंवा पैठण इथेही हाच क्रम थोड्याफार फरकानं चालेल.

आधी हद्द ठरवा

'बुधवार पेठेचा इतिहास' असा विषय घेऊ नका. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत, दोन्ही बाजूंची मिळून वीस-पंचवीस घरं, एवढंच घ्या. कागदावर हातानं गल्लीचा नकाशा काढा. प्रत्येक दार, बोळ, विहीर, पार, देऊळ आणि बुजवलेली कमान त्यात दाखवा. प्रत्येक घराला तुमचा स्वतःचा क्रमांक द्या. सरकारी क्रमांक नंतर त्याच्यापुढे लिहायचे आहेत.

नावं गोळा करा

गल्लीतला सगळ्यात जुना कागद म्हणजे तिचं नाव, आणि तो लोकांच्या तोंडी असतो. चौकातल्या पाटीवरचं नाव वेगळं असतं, रिक्षावाल्याला सांगायचं वेगळं आणि ऐंशी वर्षांच्या आजी वापरतात ते तिसरंच. तिन्ही लिहून घ्या.

पेठांची नावंसुद्धा थरांनी साचलेली आहेत. शनिवार पेठ पूर्वी मूर्तजाबाद होती, रविवार पेठ मलकापूर, सोमवार पेठ शहापूर, शुक्रवार पेठ विसापूर, गुरुवार पेठ वेताळ पेठ. सदाशिव पेठेच्या जागी नायगाव होतं. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव तिला थोरल्या माधवरावांच्या काळात मिळालं. नाना पेठ म्हणजे हनुमंत पेठ, रास्ता पेठ म्हणजे शिवपुरी. गंज पेठ आता महात्मा फुले पेठ आहे. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जुन्या कागदात 'पेठ वेताळ' असं आलं तर तो कागद आपला नाही असं समजून बाजूला ठेवला जातो, आणि नेमका तोच आपला असतो.

आळ्यांची नावं धंदा सांगतात: तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, बोहरी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा. काही नावं सरकारी कारखान्यांची आहेत. फरासखाना म्हटलं की आज पोलीस चौकी आठवते, पण शब्दाचा अर्थ तंबू, जाजमं, बिछायती ठेवण्याचं कोठार. गाडीखाना, पीलखाना ही नावंही अशीच. पीलखान्यातला 'पील' म्हणजे हत्ती. शब्दांचे अर्थ बदलतात हेही लक्षात असू द्या. पेशवाईच्या कागदात 'दारू' म्हणजे बहुधा तोफा-बंदुकांची आणि आतषबाजीची दारू. दारूवाला पूल हे नाव वाचताना तो अर्थ आधी मनात आणावा.

देवांची नावं तर पुण्याचं वैभवच आहेत. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचूप गणपती, माती गणपती. प्रत्येकामागे एक गोष्ट आहे, आणि बहुतेकांमागे एकापेक्षा जास्त. ऐकाल ती प्रत्येक गोष्ट लिहा, पण कुणी सांगितली आणि कोणत्या तारखेला सांगितली हे त्याखाली नोंदवा. नारायण पेठेतल्या मोदी गणपतीचं नाव इंग्रज रेसिडेंटाच्या पदरी असलेल्या खुश्रूशेट मोदींच्या बागेवरून पडलेलं आहे. मोडी लिपीशी त्याचा संबंध नाही, तरी तसं सांगणारे भेटतात.

शेवटी बदललेली नावं. मंडई १८८६ मध्ये 'रे मार्केट' म्हणून उघडली, आता ती महात्मा फुले मंडई. नवा पूल कागदात 'लॉइड ब्रिज' असतो आणि पाटीवर शिवाजी पूल. लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतलेला गायकवाड वाडा आज केसरीवाडा आहे. दोन्ही नावं माहीत नसतील तर अर्धे कागद हातून निसटतात.

पाणी कुठून येत होतं, कुठे जात होतं

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते इथूनच गल्लीचा आकार उलगडतो. पावसाळ्यात जोराची सर येऊन गेल्यावर छत्री घेऊन गल्लीत उभे राहा. पाणी कुठे धावतं, कुठे तुंबतं ते नकाशावर बाणांनी दाखवा.

आंबील ओढ्याचा जुना प्रवाह आजच्या पेठांच्या भागातून मुठेकडे जात असे. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करून तो पश्चिमेकडे वळवला. त्या तळ्यातल्या बेटावरचा गणपती म्हणजे सारसबागेतला 'तळ्यातला गणपती', आणि बाग आहे ती तळ्याच्या जागेवर. ओढा गेल्यामुळे शहराला पसरायला जमीन मिळाली. तुमच्या गल्लीतला सखल पट्टा, कारण नसताना घेतलेलं वळण किंवा एकाच बाजूच्या घरांची उंच जोती दिसली तर जुना ओहोळ किंवा ओढा शोधा. पूर्वेकडे हेच काम नागझरीनं केलं आहे.

पिण्याचं पाणी कात्रजहून आलं. १७४९ च्या सुमारास नानासाहेबांनीच हे काम हाती घेतलं. कात्रजच्या तलावांतून जमिनीखालच्या नहरीनं, केवळ उताराच्या जोरावर, पाणी शनिवारवाड्यापर्यंत येई आणि वाटेतल्या हौदांत उतरे. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद ही नावं आजही पत्ता सांगताना येतात. नहरीवर जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते, म्हणजे हवा बाहेर पडण्यासाठीचे उभे चिरेबंदी खांब. त्यातले थोडे अजून उभे आहेत. वाड्याच्या चौकात हौद किंवा आड असेल तर पाणी झिरपतं की बाहेरून येत होतं ते विचारा. बाहेरून येत असेल तर नहरीची फाटा-नळी त्या बाजूनं गेलेली असणार, आणि शेजारच्या घरांतही तिच्या खुणा मिळतील.

तिसरं पाणी १२ जुलै १९६१ चं. पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे पडले आणि कागद वाहून गेले. शनिवार, नारायण, कसबा यांच्या नदीकडच्या गल्ल्यांत "पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं?" हा प्रश्न प्रत्येक घरी विचारा. उत्तरं नकाशावर मांडली की जुनी घरं कुठे टिकली आणि १९६१ नंतरची कुठे उभी राहिली हे समोर दिसतं.

भिंत वाचा

आता इमारतीकडे. खालून वर बघत जा, कारण वाडा खालून वर जुना ते नवा असा असतो. घडीव दगडाचं जोतं, त्यावर पातळ विटा आणि चुना, सागवानी खांब, तुळया, वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, ही जुनी घडण. सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरीव खांब, महिरपी, दिंडी दरवाजा, शेजारी पहारेकऱ्याची देवडी, दारावरची कोरीव गणेशपट्टी यांचे जवळून फोटो घ्या. विटेची लांबी, रुंदी, जाडी तीन ठिकाणी मोजा. एकाच भिंतीत दोन मापं निघाली तर भिंत दोनदा बांधलेली आहे.

साल पक्कं करायला काही गोष्टी फार उपयोगी पडतात. मंगळुरी कौल उलटं करून बघा, मागे कारखान्याचं नाव ठसवलेलं असतं. मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये काढला, तेव्हा ते छप्पर त्याआधीचं असू शकत नाही. लोखंडी तुळईच्या कडेवर बॅटरी मारा. मिडल्सबरोच्या 'डॉर्मन लाँग'चा ठसा असेल तर ती विलायतेहून आलेली आहे. टाटांचा असेल तर १९१२ नंतरची, कारण जमशेदपूरचं पोलाद त्या वर्षी निघायला लागलं. मात्र कौल आणि तुळई नंतर बदललेली असू शकते, म्हणून त्यावरून त्या भागाचंच साल ठरवा.

लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता यांच्या कडेला एक वेगळीच गंमत बघायला मिळते. हे रुंद रस्ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या वस्तीतून काढले. त्यामुळे समोर सिमेंटची गॅलरी आणि मागे गेलात तर सागवानी चौक, असे कापलेले वाडे तिथे सापडतात. अर्धी तुटलेली महिरप किंवा मध्येच संपणारा जिना दिसला की रस्तारुंदीत घर किती गेलं ते मोजता येतं.

शिलालेख असेल तर सकाळी किंवा सूर्य मावळताना, तिरप्या उजेडात फोटो काढा. अंधार असेल तर बॅटरी बाजूनं, भिंतीला जवळजवळ टेकवून धरा, अक्षरं उठून येतात. खडू, हळद, तेल, पीठ काहीही चोळू नका. त्यानं दगड खराब होतो आणि पुढच्या वाचणाऱ्याचं नुकसान होतं. सरावासाठी सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती बघा. नागझरीच्या काठाला, गोसाव्यांनी बांधलेलं हे देऊळ १७५४ च्या सुमाराचं आहे. तिथे संस्कृत आणि फारसी दोन्ही लेख आहेत, आणि दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळीनं बांधणारे बंदूकधारी गोरे शिपाई कोरलेले आहेत. एका भिंतीवर किती काळ वाचता येतो ते तिथे उभं राहिल्यावर समजतं.

माणसांशी बोला, पण नीट

वाड्यांवर बहुधा वाद असतात: मालक-भाडेकरू, भाऊ-भाऊ, बिल्डरशी बोलणी. वही घेऊन आलेला अनोळखी माणूस कुणाच्या बाजूचा, ही शंका येणारच. म्हणून पहिल्या भेटीत कागद मागू नका. हद्दी, भाडं, हिस्से हे विषय काढू नका. काय लिहिताय ते सांगा आणि नावं छापणार नाही हा शब्द देऊन तो पाळा.

"जुन्या आठवणी सांगा" असं म्हटलं तर कुणालाच काही सुचत नाही. त्याऐवजी असं विचारा: "आजी, तुम्ही लग्न होऊन या वाड्यात आलात तेव्हा आत नळ होता, की पाणी बाहेरून भरायचात?" "काका, तुमच्या मुंजीचा मांडव कोणत्या चौकात पडला होता? तो चौक आता कुठे आहे?" लग्नाचं, मुंजीचं, बाळंतपणाचं साल घरात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून उत्तर तारखेसकट येतं. माझा अनुभव असा की खरेदी-विक्री पुरुष सांगतात, पण कोणती खोली कधी झाली, चूल कुठून कुठे हलली, धान्य साठवायचं बळद कुठे होतं, माजघराची भिंत कधी पाडली हे बायकांनाच ठाऊक असतं. दोघांशी वेगवेगळं बोला. जुनी लग्नपत्रिका, भाडेपावती, पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेला पत्ता यांचे फोटो परवानगीनं घ्या. पत्त्यातला घर क्रमांक आणि पेठ पुढे फार कामाला येतात.

आता कागद

सुरुवात मिळकत पत्रिकेपासून करा. पेठांतल्या प्रत्येक मिळकतीला सिटी सर्व्हे नंबर आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर पेठ आणि नंबर टाकून पत्रिका बघता येते. जुनी, हस्तलिखित पत्रिका आणि चौकशी नोंदवही नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून मागावी लागते. पत्रिकेत हक्काचा मूळ धारक, धारणाधिकार (जागा कोणत्या हक्कानं धारण केली आहे ते) आणि खाली तारीखवार फेरफार असतात. खालून वर नावांची साखळी करा. दोन नावांच्या मध्ये दुवा तुटला तर तिथे खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा कोर्टाचा निकाल असणार. तो दुय्यम निबंधकांच्या सूचीत शोधा. सिटी सर्व्हेचं नकाशाचं पानही मागून घ्या, घरांचे जुने आकार त्यात दिसतात.

मग छापील. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड पुण्याचा आहे, तीन भागांत, १८८५ मध्ये छापलेला. तिसऱ्या भागात पुणे शहराचं पेठवार वर्णन आहे: पेठ कुणी वसवली, तिथे कोण राहतं, वाडे आणि देवळं कोणती. इंग्रजी आहे, पण चिकाटीनं वाचा. पुण्यातून १८४९ मध्ये सुरू झालेला 'ज्ञानप्रकाश' आणि १८८१ पासूनचा 'केसरी' यांत बातम्यांपेक्षा जाहिराती बघा. दुकान, छापखाना, वैद्य, खानावळ, सगळ्यांचे पत्ते तिथे असतात.

मोडी कागदांसाठी दोन ठिकाणं. कौन्सिल हॉलजवळचं पुणे पुराभिलेखागार, जिथे पेशवे दप्तर आहे, आणि सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, जे १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी स्थापन केलं. आपल्या गल्लीचा कागद पहिल्याच दिवशी मिळेल अशी आशा धरून जाऊ नका. आधी छापलेल्या सूची आणि निवडक कागद वाचा, मग रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, मागा. मोडी शिकण्याचे वर्ग पुण्यात होतात, दोन-तीन महिन्यांत छापील नमुने वाचता येतात. शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, एवढं ध्यानात ठेवलं तर सुरुवातीची घाबरगुंडी कमी होते.

तारीख बदलून घ्या

इथे हमखास चुका होतात, म्हणून सावकाश.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. तारीख जानेवारी ते चैत्राच्या आधीची असेल तर ७९. फसली सनात ५९० किंवा ५९१. पेशवाईच्या कागदांत सर्वात जास्त भेटतो तो सुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला पालटतं. जून ते डिसेंबरसाठी ५९९, जानेवारी ते मेसाठी ६००.

सुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात, तोही उलट्या क्रमानं: आधी एकक, मग दशक, शतक, हजार. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दशकं अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. आता 'इहिदे सितैन मया व अलफ' वाचा: १ + ६० + १०० + १००० = ११६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली, आणि ११६१ + ६०० = १७६१. अशा एखाद्या पक्क्या तारखेवर हिशेब ताडून बघायची सवय लावून घ्या. कागदात 'छ' नंतर आकडा आणि साबान, रमजान असं नाव आलं तर तो मुसलमानी चंद्रमासातला दिवस आहे.

कोणती तारीख लिहायची?

शनिवारवाडा घ्या. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. तटाचं काम नानासाहेबांच्या काळापर्यंत चाललं. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतला भाग जळाला. 'कधीचा?' याचं एकच उत्तर देणारा माणूस यातलं काहीतरी गाळतो. तुमच्या गल्लीतल्या घरालाही अशाच चार-पाच तारखा असतील, त्या सगळ्या द्या. चौकटीवर कोरलेलं साल दुरुस्तीचं असू शकतं. मी स्वतः एका तुळईवरचं साल बांधणीचं म्हणून लिहिलं होतं. जोत्याचा दगड आणि खालच्या विटा बघितल्यावर कळलं की ते वरचा माळा चढवल्याचं साल आहे.

आजची इमारत आणि नाव यांची गाठ घाईनं घालू नका. आज दिसणारा लाल महाल महापालिकेनं विसाव्या शतकात उभारलेला आहे. लाकडी पूल आता लाकडाचा नाही. बुधवार चौकातला बुधवार वाडा १८७९ च्या आगीत गेला, पण त्याच्या आठवणीनं आजही पत्ते सांगितले जातात.

आणि भुयारं. पेठेतल्या निम्म्या वाड्यांतून पर्वतीला किंवा शनिवारवाड्याला भुयार जातं असं सांगतात. हसून उडवू नका, जागा बघा. माणूस वाकून चालू शकेल अशी नहर, तळघर, धान्याचं बळद, बुजवलेला आड यांपैकी काहीतरी तिथे बहुधा असतं. 'भुयार आहे असं सांगतात, जागेवर अमुक मापाचं चिरेबंदी तोंड दिसलं' एवढंच लिहा.

नकाशे एकमेकांवर ठेवा

जुन्या नकाशाचं पान स्कॅन करून गूगल अर्थमध्ये चित्र म्हणून आजच्या उपग्रहचित्रावर पसरता येतं आणि पारदर्शक करता येतं. जुळवण्यासाठी न हललेल्या गोष्टी निवडा: शनिवारवाड्याचे बुरूज, बेलबाग, तुळशीबागेतलं राममंदिर, त्रिशुंड गणपती. रस्त्याच्या कडा धरू नका, त्याच सरकलेल्या असतात. दोन्ही चित्रं जुळली की रस्तारुंदीत गेलेली घरं आणि बुजलेले बोळ दिसू लागतात.

वाडा पाडायला काढला असेल तर

मग वरचा क्रम सोडा. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली, डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. तो तरी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होता. तुमच्या गल्लीतल्या वाड्याची नोंद कुणाकडेच नसेल.

हाताशी एकच दिवस असेल तर मालक आणि ठेकेदार दोघांची परवानगी घ्या, डोक्याला हेल्मेट घाला आणि दारापासून सुरुवात करून उजव्या हाताला भिंत धरून फिरा. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, जमीन आणि छत, असे सहा फोटो, प्रत्येकात मोजपट्टी दिसेल असे. चौकाची लांबी-रुंदी, दोन खांबांमधलं अंतर, जोत्याची उंची, दिंडीची मापं घ्या. कौलं, विटा, गिलावा, तुळईवरचे ठसे टिपा. पाडकाम सुरू झाल्यावर पुन्हा जा, कारण बुजवलेले कोनाडे, जुन्या भिंतीतली महिरप, नहरीची नळी आणि गिलाव्याखालची चित्रं तेव्हाच उघडी पडतात.

निघताना ठेकेदाराला विचारा, खांब, दरवाजा आणि गणेशपट्टी कुठे जाणार आहेत. तो व्यापाऱ्याचा गाव सांगेल. ते त्या घराच्या पानावर, तुमच्या क्रमांकासमोर, तारखेसह लिहून ठेवा.